मधमाशीचे पोट आणि मधमाशीचे पोषण

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान : शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू

मधमाशी काय खाते, असा प्रश्न वर्गात विचारला असता बहुतेक मुले एका स्वरात "मध" असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तरावरच पाठ थांबला तर फुले, पिके आणि माश्या यांचा परस्परसंबंध मुलांच्या मनात कधीच स्पष्ट होत नाही. मध हे मधमाशीचे इंधन होय. तिचे शरीर घडते ते परागांवर. परागांतही सर्व पराग सारखे नसतात. आणि त्यांतील एखादा सूक्ष्म घटक कमी पडला तर मधाने भरलेल्या पोळ्यातसुद्धा पुढची पिढी जन्मास येत नाही. हा विचार प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या एका संशोधनाची माहिती शिक्षकबंधुभगिनींस व्हावी, आणि तिचा उपयोग इयत्ता चौथी ते सातवीच्या वर्गांत कसा करता येईल हे दाखवावे, असा या पाठाचा दुहेरी हेतू आहे.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतील भेद शिक्षकांना नव्याने सांगावयास नको. शाळेत पोषण आहाराचे वाटप करताना भाताबरोबर डाळ, उसळ, भाजी का हवी, हे आपण मुलांना सांगतोच. तोच भेद निसर्गात, एका इवल्या कीटकाच्या घरात, किती कठोरपणे लागू पडतो ते येथे पहावयाचे आहे.

१. पोळ्यातील कुटुंबव्यवस्था

संशोधनाकडे वळण्यापूर्वी काही मूलभूत गोष्टींची उजळणी करणे इष्ट होईल. मधमाशीच्या वसाहतीत एक राणी, काही शेकडा नर आणि हजारो कामकरी माश्या असतात. अंडी घालणे हे राणीचे काम. अंड्यातून साधारण तीन दिवसांनी अळी बाहेर पडते. ही अळी सुमारे सहा दिवस अखंड खात असते व या अवधीत तिचे वजन शेकडो पटींनी वाढते. त्यानंतर कामकरी माश्या तिच्या षट्कोनी घराचे तोंड मेणाने बंद करतात. आत अळीचा कोश होतो व कोशातून पूर्ण वाढलेली माशी बाहेर येते. युरोपीय मधमाशीच्या बाबतीत अंड्यापासून कामकरी माशी होईपर्यंत सुमारे २१ दिवस लागतात.

कामकरी माशीचे आयुष्य कामाच्या दिवसांत अवघे पाच-सहा आठवड्यांचे असते. या अल्प आयुष्यातही तिची कामे वयानुसार बदलत जातात. कोवळ्या वयात ती दाईचे काम करते, म्हणजे अळ्यांना भरविते. पुढे मेण घडविणे, मध साठविणे, दाराशी पहारा करणे ही कामे तिच्याकडे येतात. आणि शेवटच्या दिवसांत ती बाहेर पडून मकरंद, पराग व पाणी आणते. फुलावर आपल्याला दिसणारी मधमाशी ही अशी आपल्या घरातील वडीलधारी माशी असते, ही गोष्ट मुलांना फार आवडते. ती अवश्य सांगावी.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जुन्या माश्या दर आठवड्यास मरत असतात. त्यांची जागा घेण्यास नव्या माश्या सतत जन्मल्या नाहीत, तर वसाहत दोन-तीन महिन्यांत आपोआप संपते. म्हणून वसाहतीचे आरोग्य पहावयाचे असेल, तर मधाच्या साठ्यापेक्षा अळ्यांच्या घरांकडे आधी पाहावे लागते.

२. मकरंद आणि पराग

मधमाशीला अन्न फुलांपासूनच मिळते, आणि ते दोन प्रकारचे असते. मकरंद हा मुख्यत्वे साखरेचा पातळ द्रव होय. त्यातील पाणी आटवून माश्या त्याचा मध करतात. उडण्यास, पोळे उबदार राखण्यास आणि मेण निर्माण करण्यास लागणारी शक्ती त्यातून मिळते. परंतु केवळ साखरेवर स्नायू बनत नाहीत, ग्रंथी बनत नाहीत व अळीही वाढत नाही. त्यासाठी लागणारी प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि क्षार हे सारे परागांतून येते.

माशीच्या मागच्या पायांवर बाहेरच्या बाजूस कडेच्या केसांनी वेढलेली एक सपाट खोलगट जागा असते. अंगावर चिकटलेले पराग पायांनी विंचरून, किंचित मकरंदाने ओले करून ती या जागी त्यांची गोळी बांधते. पोळ्यात नेऊन ते पराग घरात दाबून भरले जातात, त्यावर थोडा मध येतो आणि ते मुरतात. आपल्या घरातील लोणच्याच्या बरणीसारखीच ही व्यवस्था आहे. दाई-माश्या हे मुरलेले पराग खातात, आणि त्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून दुधासारखे दाट अन्न पाझरते. हे अन्न अळ्यांना भरविले जाते. राणी होणाऱ्या अळीस आणि पुढे राणीलाही जे राजान्न मिळते तेही याच ग्रंथींचे कार्य होय. म्हणजे अळी प्रत्यक्ष फुलावर पोसत नाही; दाईच्या शरीरातून गेलेल्या फुलावर ती पोसते.

परागांचा कस झाडागणिक बदलतो. काही वनस्पतींच्या परागांत प्रथिनांचे प्रमाण अवघे अडीच टक्के, तर काहींत ते साठ टक्क्यांच्या घरात आढळते. मक्याचे पराग विपुल मिळतात, पण त्यांचा कस हलका समजला जातो. प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्यांपैकी दहा घटक मधमाशीस अन्नातूनच मिळावे लागतात, ते तिच्या शरीरात तयार होत नाहीत, असे द ग्रूट या संशोधकाने १९५३ साली दाखवून दिले. एका झाडाच्या परागांत यांपैकी एक घटक कमी, तर दुसऱ्याच्या परागांत दुसरा कमी असतो. म्हणून मिश्र परागांचे मोल अधिक.

ही मिश्रता केवळ वाढीसाठीच उपयोगी पडते असे नाही. फ्रान्समधील आव्हिन्यों येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही माश्यांना एकाच फुलाचे, तर काहींना अनेक फुलांचे पराग दिले. अळीच्या अन्नात व मधात जंतुनाशक द्रव्य उत्पन्न करणारे एक विकर असते. अनेक फुलांच्या परागांवर वाढलेल्या माश्यांमध्ये या विकराचे कार्य अधिक जोमदार आढळले. विशेष म्हणजे, एका फुलाचे पराग अधिक प्रथिनयुक्त असले तरीही मिश्र पराग त्यांच्या पुढेच राहिले. रोगाशी झुंजण्याचे बळ आहाराच्या विविधतेतून कसे येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

३. प्राध्यापक जेराल्डीन राइट यांचे संशोधन

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात कीटकांच्या आहाराचा व वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक जेराल्डीन राइट यांनी मधमाशी काय खाते, काय चाखते आणि त्याचा तिच्यावर काय परिणाम होतो, या एकाच प्रश्नाचा अनेक बाजूंनी पाठपुरावा केला आहे. त्यांच्या कार्यातील चार टप्पे शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखे आहेत.

पहिला टप्पा २०१३ सालचा. कॉफीच्या व लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतील मकरंदात कॅफीन हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांना एका विशिष्ट वासाबरोबर साखरेचे पाणी देऊन तो वास शिकविला. काहींच्या पाण्यात कॅफीनचा अंश होता, काहींच्या नव्हता. चोवीस तासांनंतर कॅफीन मिळालेल्यांपैकी तो वास ओळखणाऱ्या माश्यांची संख्या दुसऱ्या गटाच्या सुमारे तिप्पट भरली. फूल माशीला नुसती साखर देत नाही. साखरेबरोबर येणारे सूक्ष्म घटकही तिच्यावर परिणाम करतात, हे यातून सिद्ध झाले.

दुसरा टप्पा संतुलनाचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, कोवळ्या वयाच्या माशीला प्रथिनघटकांची गरज अधिक असते, तर बाहेर चरावयास जाणाऱ्या माशीला मुख्यतः साखरेची. प्रथिनघटक गरजेपेक्षा फार वाढविले तर माश्या लवकर मरतात, असेही आढळले. 'चांगले ते जितके अधिक तितके उत्तम' हा समज आहाराच्या बाबतीत माशीलाही लागू पडत नाही.

तिसरा टप्पा सावधगिरीचा आहे. २०१५ साली या गटाने पिकांवर वापरल्या जाणाऱ्या निओनिकोटिनॉइड वर्गातील कीटकनाशकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही विषे साखरेच्या पाण्यात मिसळली असता माशीच्या रुचिपेशींना त्यांची चव कळत नाही, असे आढळले. म्हणजे माशी ती टाळू शकत नाही. इतकेच नव्हे, तर साधे पाणी व विषमिश्रित पाणी असे दोन्ही समोर ठेवले असता माश्यांनी यांतील काही विषे मिसळलेल्या पाण्याकडेच अधिक ओढा दाखविला. या वर्गातील तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरास युरोपीय संघाने २०१८ साली मनाई केली.

४. स्टेरॉलचा शोध आणि त्याची परीक्षा

चौथा टप्पा आपल्या पाठाचा गाभा होय, म्हणून तो सविस्तर पाहू.

वनस्पतींच्या व प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात स्टेरॉल नावाची स्निग्ध द्रव्ये असतात. आपल्या परिचयाचे कोलेस्टेरॉल हे त्यांपैकीच एक. मनुष्याचे शरीर कोलेस्टेरॉल स्वतः तयार करते. कीटकांना मात्र स्टेरॉल मुळापासून तयार करता येत नाही. ते अन्नातूनच घ्यावे लागते. अळीला कात टाकून वाढण्यासाठी जो संप्रेरक लागतो, तोही स्टेरॉलपासूनच बनतो. अनेक कीटक वनस्पतीतील स्टेरॉल घेऊन त्यात आपल्या सोयीचा बदल करतात. मधमाशीला तेही फारसे साधत नाही. तिला विशिष्ट स्टेरॉले तयार स्वरूपातच हवी असतात, आणि ती तिला मिळण्याचे एकमेव नैसर्गिक ठिकाण म्हणजे पराग.

मधमाशीच्या शरीरात कोणते स्टेरॉल मुख्य असते व त्याचा अळ्यांच्या संगोपनाशी काय संबंध आहे, याचा अभ्यास अमेरिकेच्या कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास केला होता. तरीही प्रत्यक्ष मधपालनात या ज्ञानाचा उपयोग होऊ शकला नाही. कारण ही स्टेरॉले निसर्गात सहज व स्वस्त मिळत नाहीत. फुलांचा हंगाम नसेल तेव्हा मधपाळ माश्यांना परागांऐवजी जे कृत्रिम खाद्य देतात, ते पीठ, साखर व तेल यांचे असते. त्यात प्रथिने असतात, शक्ती असते. परंतु माशीला हवी ती स्टेरॉले नसतात.

राइट यांच्या गटाने हा प्रश्न तीन पायऱ्यांनी सोडविला. या कामात क्यू येथील शाही वनस्पतिउद्यान, ग्रीनिच विद्यापीठ आणि डेन्मार्कचे तंत्रविद्यापीठ यांचे साहाय्य होते.

पहिली पायरी : गरज नेमकी कशाची, हे ठरविणे. त्यासाठी कोशातील व प्रौढ माश्यांच्या शरीरातील स्टेरॉलांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले. एकेका दाई-माशीचे विच्छेदन करून तिचे आतडे वेगळे काढावे लागे, यावरून हे काम किती नाजूक असेल याची कल्पना यावी. या परीक्षणातून सहा स्टेरॉले महत्त्वाची ठरली.

दुसरी पायरी : ती मिळविणे. यासाठी एक तेलकट जातीचे यीस्ट निवडण्यात आले. पाव फुगविण्यासाठी वापरतात त्या यीस्टचेच हे दूरचे भावंड. ते निसर्गतःच स्निग्ध द्रव्ये भरपूर साठविते, आणि मत्स्यपालनाच्या खाद्यात त्याचा वापर आधीपासून होत आला आहे. त्याच्या जनुकांत नेमके बदल करून ही सहाही स्टेरॉले तयार करण्याची क्षमता त्यात आणण्यात आली. मग ते वाढवून, वाळवून, त्याची पूड करून खाद्यात मिसळण्यात आली.

तिसरी पायरी : परीक्षा. मधमाश्यांच्या वसाहती बंदिस्त काचगृहांत ठेवण्यात आल्या, जेणेकरून बाहेरच्या फुलाचा एकही कण त्यांना मिळू नये. काही वसाहतींना स्टेरॉलयुक्त खाद्य दिले, काहींना ही स्टेरॉले नसलेले तुलनेचे खाद्य दिले. हा प्रयोग तीन महिने चालला. स्टेरॉलयुक्त खाद्य मिळालेल्या वसाहतींत कोशावस्थेपर्यंत पोहोचलेल्या अळ्यांची संख्या दुसऱ्या वसाहतींच्या तुलनेने पंधरा पटींपर्यंत अधिक भरली. स्टेरॉलरहित खाद्यावरील वसाहतींतील प्रजोत्पादन नव्वद दिवसांनंतर थांबले. तसेच, नव्या खाद्यावर वाढलेल्या अळ्यांच्या शरीरातील स्टेरॉलांचा संच रानात चरणाऱ्या वसाहतीतील अळ्यांसारखाच आढळला. हे सारे निष्कर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्टेरॉल मिळेनासे झाले म्हणून दुसऱ्याच दिवशी वसाहत कोसळत नाही. दाई-माश्या आपल्या शरीरातील साठ्यातून अळ्यांना स्टेरॉल देत राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास सारे ठीक दिसते : मध आहे, खाद्य आहे, माश्यांची ये-जा आहे. आत मात्र प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या शिलकीवर जगत असते. शिलक संपते तेव्हा अळ्यांची घरे रिकामी राहू लागतात. कुपोषणाचे हेच लक्षण सर्वत्र घातक ठरते : ते उपासमारीसारखे डोळ्यांत भरत नाही.

५. या संशोधनाच्या मर्यादा

नव्या शोधाची माहिती देताना त्याच्या मर्यादाही सांगणे हे विज्ञानशिक्षकाचे कर्तव्य होय. हे प्रयोग युरोपीय मधमाशीवर व बंदिस्त जागेत झाले आहेत. उघड्या शेतावर, मोठ्या प्रमाणावर आणि दीर्घकाळ त्यांची परीक्षा व्हावी, असे संशोधकांनीच म्हटले आहे. दुसरे असे की, पेटीतील माश्यांना खाद्य देता येते. झाडाच्या फांदीवर, कड्यावर किंवा जमिनीतील बिळात राहणाऱ्या रानमाश्यांना ते कोण देणार? पेटीतील माश्यांचे पोट खाद्याने भागले तर रानमाश्यांच्या वाट्याची फुले काही अंशी मोकळी होतील, हा लाभ आहे खरा. परंतु फुलांचे मूळ भांडारच आटत असेल तर पूरक खाद्य हा शेवटचा उपाय नव्हे. फुलांची विविधता राखणे हाच पाया होय.

६. आपल्या परिसराशी संबंध

महाराष्ट्रात कड्यांवर, उंच झाडांवर वा इमारतींवर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी, झुडपात लहानसे एकेरी पोळे करणारी फुलोरी माशी, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी माशी आणि नांगी नसलेली इवली पोयाची माशी अशा जाती आढळतात. यांपैकी सातेरी ही पेटीत पाळता येते. युरोपीय मधमाशी भारतात प्रथम यशस्वीपणे रुजली ती १९६२ साली, आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे. त्याच वर्षी पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वराजवळच्या मांघर या गावास २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्या फुलोऱ्यावर त्या डोंगराळ भागातील मधपालन उभे आहे.

सातेरी माशीवर आलेले एक मोठे संकटही शिक्षकांस ठाऊक असावे. थाई सॅकब्रूड या नावाचा विषाणुजन्य रोग अळ्यांना होतो. अळी कोशावस्थेस पोहोचण्यापूर्वीच पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या पाळीव वसाहतींचा फार मोठा संहार केला. विषाणूवर साधे औषध नाही. ज्या रोगावर औषध नसते तेथे सुदृढ वसाहत, स्वच्छता आणि सकस आहार हाच आधार उरतो.

घाटमाथ्यावर पावसाळा हा माश्यांचा टंचाईचा काळ. त्या दिवसांत मधपाळ पेटीतील माश्यांना साखरेचा पाक देतात. पाकाने माश्या तगतात, हे खरे. परंतु पाक म्हणजे केवळ साखर, हे आता आपल्या लक्षात आलेच आहे. मैदानी भागात टंचाई निराळ्या कारणाने येते. कोसन्‌कोस उसाचे एकच पीक असेल, बांध नांगरून सपाट झाले असतील, तणनाशकाने बांधावरची रानफुले गेली असतील, तर हिरव्यागार शिवारातही माशीस खावयास काही नसते. शिवार हिरवे असणे आणि शिवार फुलते असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७. वर्गात काय करावे

(अ) फुलोऱ्याचे पंचांग. एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत. गावाच्या शिवारात त्या त्या महिन्यात कोणकोणती झाडे, पिके व रानफुले फुलतात, याची नोंद मुलांनी वर्षभर करावी. कारळा, तूर, शेवगा, कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच अशी नावे आपोआप येतील. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या लहानपणी असलेली व आता न दिसणारी फुलझाडे दुसऱ्या रंगाने लिहावीत. वर्षाअखेर जो रकाना रिकामा वा अपुरा दिसेल, तो आपल्या गावातील माश्यांचा उपवासाचा महिना होय. त्या महिन्यात फुलणारे स्थानिक झाड शाळेच्या आवारात किंवा बांधावर लावावे. वृक्षारोपणास असा हेतू लाभला म्हणजे मुले रोप जगवितात.

(आ) परागांच्या रंगांची नोंद. सकाळच्या वेळी फुलांवरील माश्यांच्या मागच्या पायांवरील गोळ्यांचे रंग दुरूनच पाहून मुलांनी लिहावेत : पिवळा, नारिंगी, पांढरट, करडा, हिरवट. एकाच आठवड्यात किती रंग दिसले, यावरून आहाराच्या विविधतेचा स्थूल अंदाज येतो.

(इ) लाल भोपळ्याचा प्रयोग. भोपळ्याच्या मादीफुलाखाली इवले फळ दिसते. नरफुलाखाली ते नसते. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादीकळ्या सायंकाळी निवडून त्यांचे तीन गट करावेत व प्रत्येक गटात निदान चार कळ्या घ्याव्यात. पहिला गट उघडा ठेवावा. दुसऱ्या गटातील कळ्यांवर पातळ मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात. तिसऱ्या गटावरही पिशव्या बांधाव्यात. मात्र सकाळी पिशवी सोडून नरफुलाचे पराग मादीफुलास हाताने लावावेत व पिशवी पुन्हा बांधावी. आठवडाभराने पाहावे. दुसऱ्या गटातील फळे पिवळी पडून गळतात. पहिल्या व तिसऱ्या गटातील फळे धरतात. पिशवीमुळेच फळ गळाले नाही कशावरून, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर तिसऱ्या गटात आहे. ऑक्सफर्डच्या काचगृहातील तुलनेचा गट आणि आपल्या परसातील हा तिसरा गट यांमागचे तत्त्व एकच, हे मुलांस अवश्य दाखवावे.

(ई) सुरक्षितता. आग्या माशीच्या पोळ्याजवळ मुलांना नेऊ नये; त्यावर दगड मारणे, धूर करणे यांस सक्त मनाई असावी. नांगी शरीरात राहिली असल्यास विलंब न करता नखाने खरवडून काढावी. दंशानंतर श्वास लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसल्यास किंवा पुष्कळ माश्या चावल्या असल्यास मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे. पालकांनाही या गोष्टींची जाणीव द्यावी. भयापोटी गावोगाव पोळी जाळली जातात. पोळे खरोखरच धोक्याच्या जागी असेल तर जाणकार मधपाळास बोलावून ते हलविता येते का, हे आधी पाहावे.

(उ) फवारणीची वेळ. माश्या दिवसा चरतात. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी करू नये. अनिवार्य असल्यास सूर्यास्तानंतर करावी. हा निरोप मुलांमार्फत घरोघर पोहोचू शकतो. विषाची चव माशीला कळत नाही, म्हणून तिच्या वतीने शेतकऱ्यानेच विचार करावयास हवा.

८. अभ्यासासाठी प्रश्न

१. मकरंद व पराग यांपासून मधमाशीस काय काय मिळते? तक्ता करा.
२. फुलावर दिसणारी कामकरी माशी वयाने मोठी असते, असे का म्हणता येते?
३. पोळ्यात भरपूर मध असूनही वसाहत नष्ट होऊ शकते. कारण सांगा.
४. राइट यांच्या प्रयोगात वसाहती बंदिस्त काचगृहात का ठेवाव्या लागल्या? त्या उघड्यावर ठेवल्या असत्या तर निष्कर्षात कोणती शंका राहिली असती?
५. भोपळ्याच्या प्रयोगात तिसरा गट घेतला नसता तर काय बिघडले असते?
६. आपल्या गावाच्या पंचांगात माश्यांचा उपवासाचा महिना कोणता? तो भरून काढण्यास तुम्ही कोणते झाड सुचवाल व का?

समारोप

मधमाशीच्या अळीस लागणारे स्टेरॉल डोळ्यांना दिसत नाही आणि हातात धरता येत नाही. ते कोणत्या परागात आहे, हे ओळखण्याचे साधन गावच्या शाळेजवळ नाही. पण त्याची गरजही नाही. ज्या शिवारात बारा महिने नाना तऱ्हेची फुले उमलतात, तेथे माशीस हवे ते कोठून ना कोठून मिळतेच. शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या परिश्रमाने प्रयोगशाळेत जे घडविले, ते बांधावरची मिश्र झाडी निसर्गतः करीत आली आहे. ती झाडी तोडणाऱ्या हातांना आवरणे आणि नवी लावणाऱ्या हातांना वळण लावणे हे काम शाळेचे आहे. शिक्षकांनी या वर्षी निदान फुलोऱ्याचे पंचांग भिंतीवर लावावे व त्यातील एक रिकामा रकाना मुलांकरवी भरून काढावा, एवढी अपेक्षा आहे.